बॅटमॅनचा दुसरा जनक : बिल फिंगर

सुट्टीच्या दिवशीं ज्या चित्रकथा वाचतांना मुलें तहानभूक विसरतात आणि ज्यांवरून निघालेले चित्रपट पाहण्यासाठीं आईबापांपाशीं हट्ट धरतात, त्या चित्रकथांतील बॅटमॅन हा वीर कोणास ठाऊक नाहीं ? काळा झगा, वटवाघळाच्या कानांसारखीं टोंकें असलेला मुखवटा, रात्रीच्या काळोखांत उंच इमारतीच्या कडेला उभी राहिलेली ती आकृति, हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास कोणासहि आयास पडत नाहींत. परंतु हें रूप त्यास कोणीं दिलें असें विचारल्यास बहुतेक वाचक गप्प बसतील, आणि जे थोडे माहितगार असतील ते बॉब केन याचें नांव सांगतील. पाऊणशें वर्षें साऱ्या जगानें तेंच एक नांव वाचलें. त्या नांवामागें झांकला गेलेला दुसरा पुरुष म्हणजे बिल फिंगर होय. आज त्याचें नांव चित्रपटांच्या पडद्यावर लागतें. पण तें वाचावयास तो स्वतः राहिला नाहीं. त्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. अशा वीरांच्या कथा म्हणजे केवळ वेळेचा अपव्यय असें ज्यांचें मत असेल, त्यांनींहि तें वाचावें. कारण त्यांत एका मनुष्याच्या श्रमाचा, त्याच्या भिडस्तपणाचा आणि फार उशिरां मिळालेल्या न्यायाचा वृत्तांत आहे.

बिल फिंगर याचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजीं अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. त्याचें मूळ नांव मिल्टन. वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांतून अमेरिकेंत आलेले असून शिंपीकाम करीत. पुढें हें कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत राहावयास गेलें, आणि तेथील डीविट क्लिंटन हायस्कुलांतून फिंगर १९३३ सालीं शिकून बाहेर पडला. तो काळ फार कठीण होता. १९२९ सालीं आलेल्या आर्थिक मंदीनें लाखों लोकांची रोजी गेली होती, आणि ज्यू वाटणाऱ्या नांवाच्या मनुष्यास कित्येक ठिकाणीं नोकरीचें दार बंदच असे. मिल्टनचा बिल झाला तो याच तरुणपणीं. मनांत लेखक होण्याची हौस. पण पोटासाठीं जोड्यांच्या दुकानांत विक्रेत्याचें काम करणें भाग पडलें. तथापि फावल्या वेळीं स्वस्त रहस्यकथांचीं मासिकें वाचणें आणि चित्रपट पाहणें हा त्याचा नाद सुटला नाहीं. हाच नाद पुढें त्याचें भांडवल झाला.

सुमारें १९३८ सालीं एका मेजवानीच्या प्रसंगीं फिंगरची गांठ बॉब केन या तरुण चित्रकाराशीं पडली. केन हाहि त्याच हायस्कुलाचा विद्यार्थी. त्यास चित्रें काढतां येत. परंतु गोष्टी लिहून देणारा कोणी तरी हवा होता. त्यानें फिंगरला काम दिलें. ठराव असा कीं, गोष्ट फिंगरनें लिहावी आणि छापतांना नांव मात्र केनचें असावें. त्या धंद्यांत ही रीत सर्वत्र होती व गरजवंतास अक्कल नसते. फिंगरनें ती पत्करली. त्याच वर्षीं जूनच्या अंकांत सुपरमॅन या वीराचा अवतार झाला आणि त्याची एवढी चहा झाली कीं, प्रकाशकांस तसलाच दुसरा वीर तांतडीनें हवासा वाटूं लागला. केननें तो आणून देण्याचें मान्य केलें व वटवाघळाची कल्पना मनाशीं धरून एक चित्र काढलें. त्या चित्रांतील वीराचे कपडे तांबडे होते, डोळ्यांवर लहानशी पट्टी होती आणि पाठीस ताठ पंख लाविलेले होते.

तें चित्र केननें फिंगरला दाखविलें. फिंगरनें फळीवरचा शब्दकोश काढून त्यांतील वटवाघळाचें चित्र उघडलें आणि त्याच्या कानांकडे केनचें लक्ष वेधलें. डोळ्यांवरची पट्टी काढून डोकें व अर्धें तोंड झांकणारा मुखवटा घालावा, त्यास कानांसारखीं दोन टोंकें असावींत, बुबुळें न काढतां डोळ्यांच्या जागीं नुसत्या पांढऱ्या फटी ठेवाव्या म्हणजे पाहणाराच्या मनांत गूढ भीति उत्पन्न होईल. ताठ पंखांऐवजीं झगा असावा व त्याची खालची किनार कातरलेली असावी. हातांत मोजे असावे. आणि तांबडा रंग टाकून करडा व काळसर रंग वापरावा, अशा सूचना त्यानें केल्या. म्हणजे आज ज्या रूपानें आपण बॅटमॅनला ओळखतों, तें बहुतेक सर्व रूप या एका संभाषणांतून निघालें. मुखवट्याआडच्या मनुष्यास नांवहि त्यानेंच दिलें. स्कॉटलंडचा शूर राजा रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील सेनापति अँथनी वेन या दोघांच्या नांवांतून ब्रूस वेन हें नांव तयार झालें.

डिटेक्टिव्ह कॉमिक्स या मासिकाच्या २७ व्या अंकांत बॅटमॅनची पहिली कथा छापून आली. अंकावर मे १९३९ असा महिना होता. कथा अवघी सहा पानांची, आणि ती फिंगरनें लिहिलेली होती. सत्य सांगावयाचें तर या पहिल्या कथेचें कथानक त्या काळच्या शॅडो नांवाच्या रहस्यमालिकेंतील एका कादंबरीवरून घेतलेलें होतें. आमच्या चरित्रनायकाचा आरंभ उसनवारीनें झाला ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. परंतु उसनें घेऊन तेथेंच थांबणारे निराळे आणि पुढें स्वतःची पेरणी करणारे निराळे. पुढील दहा वर्षांत फिंगरनें जें पीक काढलें तें त्याचें स्वतःचें होतें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकांत बॅटमॅनची पूर्वकथा आली. चित्रपट पाहून घरीं परतणाऱ्या लहानग्या ब्रूसच्या डोळ्यांदेखत एक चोर त्याच्या आईबापांस गोळ्या घालतो, आणि तो मुलगा दुष्टांशीं झगडण्याची शपथ घेतो, ही ती कथा. १९४० सालीं रॉबिन हा बालसोबती आला. त्याच वर्षीं जोकर आला. जोकरचा जनक कोण याविषयीं केन, फिंगर व जेरी रॉबिन्सन या तिघांच्या हकिकती पुढें जुळल्या नाहींत. पण त्याच्या हिडीस हास्यासाठीं फिंगरनें १९२८ सालच्या एका मूक चित्रपटांतील कॉनराड व्हाइट या नटाचें छायाचित्र पुढें केलें होतें, हें प्रसिद्ध आहे. तेव्हां चित्रकथांवरून चित्रपट निघण्यापूर्वींच चित्रपटानें चित्रकथेस हा खलपुरुष दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. गॉथॅम हें नगरीचें नांवहि फिंगरचेंच. टेलिफोनच्या यादींत एका जवाहिऱ्याच्या दुकानाचें तें नांव त्याच्या दृष्टीस पडलें आणि त्यानें तें उचललें. पेंग्विन, टू-फेस, स्केअरक्रो, रिडलर या सर्वांच्या जन्मांत त्याचा हात होता. मार्टिन नोडेल या चित्रकाराबरोबर १९४० सालीं त्यानें ग्रीन लँटर्न हा वीर उभा केला. आणि सुपरमॅनला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट नांवाचा दगड, जो पूर्वीं केवळ रेडिओवरील नाट्यांत होता, तो चित्रकथेंत प्रथम आणला तो १९४९ सालीं फिंगरनेंच लिहिलेल्या कथेंत.

त्याची काम करण्याची रीत विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो टिपणवह्या बाळगीत असे आणि त्यांत नवीन युक्त्या, चमत्कारिक माहिती व ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवी. कथा लिहून देतांना चित्रकारास सोयीचें पडावें म्हणून मासिकांतील चित्रें कापून तो तीं कागदांस जोडी. प्रचंड टंकलेखन यंत्रांवरून व राक्षसी आकाराच्या वस्तूंवरून धांवणारा बॅटमॅन हें दृश्य त्याच्या फार आवडीचें. परंतु गुणांबरोबर दोषहि सांगितले पाहिजेत. फिंगर वेळेवर काम देत नसे. एकेक कथा तो घोंटीत बसे; संपादक रागावत; पैशाची ओढ सदा असे आणि आगाऊ रक्कम मागण्याची पाळी येई. ज्यास पुढच्या आठवड्याची चिंता असते, त्यास आपल्या हक्कासाठीं भांडावयास बळ राहत नाहीं. केननें प्रकाशकांशीं स्वतःच्या नांवाचा करार करून घेतला; फिंगरचा त्यांत उल्लेख नव्हता, आणि त्यानेंहि तोंड उघडलें नाहीं. पुढें प्रकाशक त्यास परभारें काम देऊं लागले, तरी कथेवर नांव केनचेंच राहिलें. असें पंचवीस वर्षें चाललें.

मध्यंतरीं बॅटमॅन पडद्यावर गेला. १९४३ सालीं कोलंबिया कंपनीनें पंधरा भागांची एक चित्रमालिका काढली व १९४९ सालीं तेवढ्याच भागांची दुसरी. पहिलीमध्यें युद्धकाळास अनुसरून जपानी लोकांविषयीं जो द्वेष ओतला आहे, तो आज पाहवत नाहीं. तथापि बॅटमॅनची गुहा प्रथम याच चित्रमालिकेंत दिसली व तेथून ती चित्रकथेंत आली; आणि आल्फ्रेड नांवाचा लठ्ठ नोकर पडद्यावरील नटाप्रमाणें सडपातळ झाला तोहि तेव्हांपासूनच. १९६६ सालीं दूरचित्रवाणीवर ॲडम वेस्ट या नटाची विनोदी मालिका सुरू झाली. तिच्या एका दोन भागांच्या कथेचें लेखन फिंगरनें चार्ल्स सिंक्लेअर या मित्रासह केलें व ती त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दाखविली गेली. बॅटमॅनच्या कथेचा लेखक म्हणून जाहीररीत्या त्याचें नांव झळकलें, तें त्याच्या हयातींत एवढें एकदांच.

फिंगरच्या बाजूनें प्रथम बोलले ते वाचक. १९६५ सालीं न्यूयॉर्क येथें चित्रकथाप्रेमींचें संमेलन भरलें असतां फिंगर तेथें हजर राहिला व बॅटमॅनच्या जन्माची हकिकत त्यानें सांगितली. ती ऐकून जेरी बेल्स या प्राध्यापकानें एक लेख लिहून रसिकांत वांटला आणि बॅटमॅनच्या बहुतेक मोठ्या कल्पनांमागें फिंगर होता असें प्रतिपादिलें. केन संतापला, त्यानें लांबलचक पत्र लिहून तें सारें खोडून काढण्याचा प्रयत्न केला. केनची कीर्ति मोठी होती आणि करार त्याच्या हातीं होता. फिंगरपाशीं थोडे वाचक तेवढे होते. प्रकरण तेथेंच थांबलें. पुढें फिंगरनें दूरचित्रवाणीसाठीं व चित्रपटांसाठीं थोडेंबहुत लिहिलें; १९६८ सालच्या द ग्रीन स्लाइम या चित्रपटाच्या लेखनांत त्याचा भाग होता. परंतु हृदयविकार जडला होता आणि पैशाची विवंचना संपली नव्हती. १८ जानेवारी १९७४ रोजीं न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं तो मृतावस्थेंत आढळला. वय ५९ वर्षांचें. त्याच्या नांवाचा दगड कोठें उभा राहिला नाहीं. मुलानें त्याची रक्षा ऑरेगन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर विसर्जित केली.

यानंतर बॅटमॅनचे जे मोठे चित्रपट निघाले, त्यांजविषयीं आमचें मत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण त्यांचें मोजमाप फिंगरच्या कथांवरूनच घेतलें पाहिजे असें आम्हांस वाटतें. १९४८ सालीं त्यानें लिहिलेल्या एका कथेंत बॅटमॅनला आपल्या आईबापांचा मारेकरी, जो चिल, अखेर सांपडतो. बॅटमॅन त्यास मारीत नाहीं. तो मुखवटा काढून आपली ओळख मात्र देतो. भ्यालेला चिल आपल्या साथीदारांकडे पळतो व बॅटमॅन आपल्यामुळेंच निर्माण झाला असें सांगून बसतो. आणि ते साथीदार रागाच्या भरांत त्याचाच प्राण घेतात. पाप्याचें पाप त्याच्याच माथीं उलटतें, आणि वीराचे हात स्वच्छ राहतात. आरंभींच्या कांहीं कथांत बॅटमॅन मनुष्यें मारी हें खरें. पण नंतर न मारण्याचें जें व्रत त्यास लागलें, त्यानेंच तो मोठा झाला.

या कसोटीवर टिम बर्टन यांचा १९८९ सालचा चित्रपट आम्हांस डोळे दिपविणारा, पण उणा वाटतो. त्यांत आईबापांचा मारेकरी जोकरच ठरविला आहे आणि वीर त्याचा सूड घेतो. गल्लींतील एखादा क्षुद्र चोरहि घरें उद्ध्वस्त करूं शकतो, हें मूळ कथेचें मर्म त्यामुळें हरवलें. आणखी चमत्कार पाहा : रसायनांत पडून जोकरचें तोंड पांढरें व केस हिरवे होतात ही त्या चित्रपटांतील गोष्ट फिंगरच्या १९५१ सालच्या कथेवर आधारलेली, आणि पडद्यावर जनक म्हणून नांव एकट्या केनचें! ख्रिस्तोफर नोलन यांच्या २००५ सालच्या चित्रपटांत तरुण ब्रूस पिस्तूल घेऊन चिलला मारावयास जातो, पण त्याच्याआधीं दुसऱ्या गुन्हेगारांचा हस्तक चिलला ठार करतो. येथें फिंगरची छाया स्पष्ट दिसते. २००८ सालच्या त्यांच्याच चित्रपटांतील जोकरला पूर्वकथा नाहीं व तो आपले बळी आधीं जाहीर करतो; १९४० सालच्या पहिल्या कथेंतला जोकर हुबेहूब असाच होता. ज्या चित्रपटांत बॅटमॅन सर्रास प्राण घेतो, ते कितीहि भव्य असोत, आमच्या मनास रुचत नाहींत. अंगीं कोणतीहि दैवी शक्ति नसतां केवळ बुद्धीनें, अभ्यासानें व शरीर कमावून जो लढतो, तोच फिंगरचा बॅटमॅन. म्हणूनच २०२२ सालीं मॅट रीव्ह्ज यांनीं रिडलरचीं कोडीं उलगडीत बसणारा, हेरगिरी करणारा जो बॅटमॅन दाखविला, तो आम्हांस मूळ कथांच्या सर्वांत जवळचा वाटला.

आतां न्यायाची हकिकत. १९८९ सालीं केननें आत्मचरित्र लिहिलें. त्यांत फिंगरचा मोठा वांटा त्यानें कबूल केला व त्याच्या हयातींत त्याचें नांव घातलें नाहीं याबद्दल खेद दर्शविला. पण करार बदलला नाहीं, आणि १९९८ सालीं केन वारला. मात्र वाचकांनीं फिंगरला विसरूं दिलें नाहीं. २००५ सालीं जेरी रॉबिन्सन यांच्या पुढाकारानें, उपेक्षित चित्रकथालेखकांसाठीं फिंगरच्या नांवाचें पारितोषिक सुरू झालें. मार्क टायलर नोबलमन या लेखकानें फिंगरच्या आयुष्याचा कसून शोध घेतला, त्याच्या नातीचा पत्ता लाविला आणि २०१२ सालीं मुलांसाठीं त्याचें सचित्र चरित्र प्रसिद्ध केलें. फिंगरचा कोणी वारस उरला नाहीं अशी पुष्कळांची समजूत होती, ती यामुळें खोटी ठरली. आणि आजोबांस न मागतां आलेला हक्क नातीनें मागितला. सप्टेंबर २०१५ मध्यें, म्हणजे फिंगरच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनीं, डीसी कंपनीनें केनबरोबर फिंगरचें नांव लावण्याचें जाहीर केलें. मार्च २०१६ मध्यें प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत तें मोठ्या पडद्यावर प्रथम आलें. २०१७ सालीं ब्राँक्समध्यें, ज्या उद्यानांत बसून फिंगर व केन कथांची जुळवाजुळव करीत, त्याच्या जवळच्या एका रस्त्यास फिंगरचें नांव देण्यांत आलें.

एवढ्यावरून केन हा केवळ खल आणि फिंगर हा केवळ साधु असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. वटवाघळाची पहिली कल्पना केनची होती, प्रकाशकाकडे जाण्याचें धाडस त्याचें होतें, आणि कागदावर काय लिहून घ्यावें याची जाणीवहि त्यास होती. त्याचा अपराध एवढाच कीं, दोघांनीं केलेल्या कामावर त्यानें एकट्याचें नांव ठेविलें, आणि सुधारण्याची संधि हातीं असतांना ती दवडली. फिंगरचा दोष असा कीं, त्यानें आपल्या श्रमाची किंमत स्वतःच कमी धरली. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांच्या हातीं ह्या कथा दिसल्यास रागें न भरतां त्या कोणीं लिहिल्या हें त्यांस विचारावें. आणि आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एवढें करावें : मित्राच्या वहींतून उदाहरण उतरून घेतलें किंवा निबंधासाठीं त्याची कल्पना घेतली, तर शिक्षकांपुढें त्याचें नांव सांगावें. दोन शब्दांचें काम आहे. केनला तेंच जमलें नाहीं, म्हणून एका लेखकाच्या नांवास पडद्यावर यावयास ७७ वर्षें लागलीं.